अकरा नंबरची जागा

खाडीच्या तळाशी लांब पात्यांचं गवत होतं. ते खायला कासवं येत, कासवं बघायला पर्यटक येत, आणि पर्यटकांना न्यायला तेवीस बोटी होत्या. प्रत्येक बोट खाडीच्या मध्यावर जाऊन नांगर टाकायची. तळाला बसवलेल्या काचेतून लोक कासवं बघायचे, मग नांगर ओढून बोट परत. ओढताना नांगराबरोबर पात्यांचा झुपका मुळासकट वर यायचा. हे सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी कधी मोजलं नव्हतं.

मोजायला भाची आली. आठ वर्षं बाहेर शिकून ती परतली होती आणि मामाच्या घरात माडीवरच्या खोलीत राहत होती. बंदर समितीला निळी पाटी हवी होती. समुद्र सांभाळून पर्यटन करणाऱ्या बंदरांना ती मिळते, आणि ती असली की मोठी जहाजं थांबतात. पाटीची अट एकच होती: खाडीला सोसतील तेवढ्याच बोटी ठेवायच्या. गवत किती वेगानं वाढतं आणि कासवांना किती लागतं हे धरून भाचीनं आकडा काढला. चौदा. म्हणजे नऊ परवाने जाणार होते, आणि कुठले नऊ हेही तिनंच सांगायचं होतं. समितीतली तिची नोकरी अजून कच्ची होती. पाटी लागली की पक्की होणार होती.

तेवीसमधली एक बोट मामाची होती. त्याचं कमाईचं दुसरं साधनच नव्हतं.

धक्क्यावर मामाला खुंट्या म्हणायचे. पंचवीस वर्षं तो एकाच जागी नांगर टाकत आला होता. किनाऱ्यावरचा दिवा आणि पाण्याच्या टाकीचा कोपरा एका रेषेत आला की इंजिन बंद.

"निघाला खुंट्या गाय बांधायला!" भोंगा ओरडायचा. भोंग्याची बोट दुमजली, वर कर्णा लावलेला. कासव दिसेल तिथे तो नांगर सोडायचा. "अरे, तुझ्याकडे चालत येऊन दमत असतील बिचारी कासवं!"

"येतात ना पण," मामा म्हणायचा. "तुझा आवाज ऐकून पळतात, ती कुठे जाणार?"

सात वर्षांची असताना भाचीनं त्याला विचारलं होतं, रोज इथेच का. तो म्हणाला होता, "भिंगाबाई, एक ताट खरकटं झालंय, त्यातच जेवायचं. सगळी कशाला खरकटी करायची?" ती प्रत्येक गोष्ट भिंगाखाली धरायची, म्हणून भिंगाबाई.

मोजणी मात्र तिनं फार जपून आखली. मामाला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणायला नको, म्हणून तिनं समितीच्या कारकुनाला चिठ्ठ्या टाकून प्रत्येक बोटीला नंबर द्यायला लावले, स्वतः बघितले नाहीत. नंबर आणि नावांची यादी लिफाफ्यात घालून, सील करून, समितीच्या अध्यक्षाबाईंच्या कपाटात ठेवली. बाहेरगावाहून एक पाणबुड्या बोलावला. त्यानं दहा दिवस प्रत्येक बोट जिथे नांगर टाकेल तिथे खाली जायचं, मीटरभर लांबरुंद लोखंडी चौकट तळावर ठेवायची, फोटो काढायचा आणि फोटोवर फक्त नंबर टाकायचा. चौकटीत किती टक्के गवत उरलंय ते ती मोजणार होती. दहा दिवसांची सरासरी म्हणजे त्या बोटीचे गुण.

एका नंबराचे दहाही फोटो सारखेच निघाले. नुसती वाळू, एक पातं नाही. अकरा नंबर.

"दहा वेळा एकच फोटो पाठवलास का रे?" तिनं फोनवर विचारलं.

"नाही हो ताई. तो माणूस रोज तिथेच टाकतो. खाली दोन खोल्या मावतील एवढं टक्कल झालंय."

तिनं शून्य लिहिलं. कोणाची बोट आहे हा विचार करायचा नाही, असं तिनं स्वतःला इतकं बजावलं होतं की तो तिनं खरंच केला नाही. उलट तिला त्या माणसाची चीड आली. अहवालात तिनं लिहिलं: 'क्रमांक ११ च्या चालकाने एका जागेचा जाणूनबुजून आणि सातत्याने संपूर्ण नाश केला आहे.' खाली चौथी शिफारस जोडली: कोणत्याही बोटीने सलग दोन दिवस एकाच जागी नांगर टाकू नये. वाक्य तिला आवडलं. तिनं ते दोनदा वाचलं.

अहवालावर सही झाल्यावर अध्यक्षाबाईंनी तिच्यासमोर लिफाफा फोडला. भाचीनं यादीवरून बोट फिरवत नेलं आणि अकरावर थांबली.

दिवा आणि टाकीचा कोपरा. खरकटं ताट.

तिनं तिथेच, अहवालाच्या पाठीवर, पेन्सिलनं मांडून पाहिलं. साखळी एका वेळी साधारण सहा चौरस मीटर खरवडते. भोंगा वर्षाला दोनशे फेऱ्या करतो, प्रत्येक वेळी नव्या जागी: बाराशे चौरस मीटर. पण प्रत्येक जागा एकदाच खरवडलेली, त्यामुळे चौकटीत बरंचसं गवत दिसतं. गुण एकाहत्तर, यादीत पहिला. मामानं पंचवीस वर्षांत दोन खोल्यांएवढी जागा घालवली होती, त्याबाहेर एक पातं नाही. गुण शून्य, यादीत शेवटचा.

"पद्धत चुकली," ती म्हणाली. "मी उरलेलं गवत मोजलं, गेलेलं मोजायला हवं होतं. यादी उलटी होईल."

अध्यक्षाबाईंनी चष्मा काढला. त्या कधीच आवाज चढवत नसत. "लिफाफा फोडायच्या आधी सुचलं असतं तर?"

"नाही सुचलं."

"नावं बघितल्यावर सुचलं. मामाचं नाव शेवटी बघितल्यावर." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिही ना. मी पुढे पाठवते. फक्त वेळ लिही, लिफाफा किती वाजता फोडला आणि चूक किती वाजता लक्षात आली."

तिनं पेन उचललं नाही.

"पाटीवाले नऊ दिवसांनी येतायत," बाई म्हणाल्या. "अहवाल मागे घेतलास तर पाटी गेली, तुझी जागा गेली, आणि तेवीसच्या तेवीस बोटी तिथेच फिरत राहणार. गवताचं भलं कशात आहे, तूच सांग. शास्त्र तू शिकलीयस, मी नाही."

सुनावणी वरच्या हॉलमध्ये झाली. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि दुसऱ्या रांगेत बसला होता. भाची समोर बसलेली बघून तो निर्धास्त दिसला. शेजारच्याला हळूच म्हणाला, "घाबरू नकोस, आमची भिंगाबाई मोजतीय. केसाचा फरक पडायचा नाही."

पडद्यावर नंबर आणि नावांची यादी आली. पहिल्या क्रमांकाला भोंगा उठून उभाच राहिला आणि दोन्ही हात वर केले. शेवटी अकरा नंबर आला, आणि त्याखाली ते वाक्य. अध्यक्षाबाईंनी ते सावकाश वाचून दाखवलं. जाणूनबुजून. सातत्याने. संपूर्ण नाश.

मामाला आधी कळलंच नाही. मग तो उभा राहिला. "हे माझं आहे?"

"हो," अध्यक्षाबाई म्हणाल्या.

"एक विचारू?" तो अध्यक्षाबाईंकडे नाही, भाचीकडे बघत होता. "भिंगाबाई, मी एकाच जागी टाकतो आणि हा रोज नव्या जागी टाकतो. गवत कोणामुळे जास्त गेलं? आकडा नको. नुसतं नाव सांग."

तिच्यासमोर अहवाल होता. त्याच्या पाठीवर पेन्सिलनं लिहिलेला तो आकडा अजून तसाच होता. बाराशे.

"पद्धत सगळ्यांना सारखीच होती," ती म्हणाली.

"ते नाही विचारलं मी."

"सगळ्यांना सारखीच होती, मामा."

"खुंट्या," मागून भोंगा म्हणाला, "भाचीनंच दावं कापलं की रे!" आणि हॉल हसला. ज्यांचे परवाने गेले होते तेही हसले. आपल्यापेक्षा खाली कोणीतरी होतं.

मामानं शर्टाच्या बाह्या नीट केल्या. "बरं," म्हणाला आणि बसला. पुढे सुनावणी संपेपर्यंत तो बसूनच होता. त्या दिवशी घरी मामीनं तिचं ताट वाढलं, दुसऱ्या ताटानं झाकलं आणि आत गेली. महिन्याभरानं भाचीला समितीकडून राहायला जागा मिळाली. ती जाताना मामानं बॅग खाली आणून दिली. हाक कुठलीच मारली नाही.

निळी पाटी लागली. मोठी जहाजं थांबू लागली. चौदा बोटींना दिवसाला एकाऐवजी तीन फेऱ्या पडू लागल्या, कारण अट बोटींच्या संख्येची होती, फेऱ्यांची कोणी घातली नव्हती. मामाची बोट बंदराच्या फाटकापाशी ठेवून समितीनं तिच्यात माती भरली आणि फुलझाडं लावली.

दुसऱ्या वर्षीच्या मोजणीत खाडीतलं गवत सरासरी अकरा टक्क्यांनी घटलं होतं. एकाच जागी वाढलं होतं. मामाच्या जुन्या जागेवर, समितीनं नांगर बंद करून पिवळ्या तरंगत्या बोयांनी वेढलेल्या वाळूत, सहा टक्के नवे कोंब होते. अध्यक्षाबाईंनी त्या सहाभोवती लाल गोल केला. "हे पहिल्या पानावर घे," म्हणाल्या. "पद्धत बरोबर होती, आणखी काय पुरावा हवा?"

तिनं ते पहिल्या पानावर घेतलं. पुढच्या मोजणीसाठी ती भोंग्याच्या बोटीवर चढली.

नांगराशी मामा होता. भोंग्यानं त्याला हाताखाली ठेवला होता.

"मंडळी," कर्ण्यातून भोंगा पर्यटकांना सांगत होता, "हे आमचे खुंट्या! यांचा खुंटा मॅडमनी उपटला, आता यांना रोज नवं अंगण!" लोक कशाला हसायचं ते न कळूनही हसले.

बोट थांबली. मामानं काचेतून खाली बघितलं. "मॅडम, कालची जागा हीच आहे. खाली उखडलेलंच आहे. इथेच टाकू?"

तिनं वही उघडली. चौथी शिफारस आता नियम झाली होती, आणि नियम मोडला की फेरी रद्द करायची हेही तिचंच काम होतं. "कालच्या जागी नाही चालणार."

"पुढे दाट आहे."

"थोडं पुढे घ्या."

"कासव चरतंय तिथे."

"नियम आहे, मामा."

"बरं, मॅडम," तो म्हणाला. भोंग्यानं बोट पुढे घेतली. मामानं नांगर दोन्ही हातांनी उचलला आणि सोडला. खाली हिरवं ढवळून निघालं, कासव वळलं आणि गढूळ पाण्यात दिसेनासं झालं. लोकांचे फोटो काढून झाल्यावर त्यानं साखळी ओढली. नांगराच्या दातात हातभर झुपका अडकला होता, पांढऱ्या मुळांसकट. त्यानं तो एकही पातं न तोडता सोडवला, तिच्या पायाशी ठेवलेल्या लोखंडी चौकटीत बरोबर मधोमध ठेवला आणि हात पुसले.

"लिहा," तो म्हणाला.