भिंतीपलीकडची खंजिरी

या, असे जवळ सरका. टाळ मांडीवर ठेवा, चहा मागाहून होईल. कीर्तनकार पूर्वरंग आटोपून जसा आख्यानाला हात घालतो, तशी आज तुम्हाला एका तान्ह्या लेकराच्या मानेची गोष्ट सांगतो. गोड नाही हो ती. पण पाडव्याला कडुनिंबाचा पाला आपण देवाचं नाव घेऊनच खातो ना? तशी ऐका.

वडनेरात देवकाबाईचं घर आहे. पूर्वी ते दोघा भावांचं होतं. वाटणी झाली तशी मधोमध विटांची भिंत चढली. अलीकडे देवकाबाई, पलीकडे तिची थोरली जाऊ मनकर्णाबाई. पुढे दोघींचे मालक देवाघरी गेले, भांडण तेवढं जितं राहिलं. आणि भांडण कशाचं, तर देवांचं. देवघर पलीकडच्या वाट्यात गेलं होतं. तिनं आपले देव चोरले, असं देवकाबाई गावभर सांगायची. संध्याकाळी मनकर्णाबाई खंजिरी घेऊन देवापुढे बसली, की ही इकडे टीव्हीचा आवाज वाढवायची. सिरियलमधल्या सासवा-सुनांच्या कलकलाटात पलीकडचा विठ्ठल बुडून जायचा.

अशा घरात देवकाबाईच्या सुनेला, रूपालीला, मुलगा झाला. पाळणा भिंतीला लागून. बाळाच्या उजव्या हाताला दार, टीव्ही, येणारी-जाणारी माणसं. डाव्या हाताला नुसती भिंत. बाळ आपलं सदा उजवीकडे मान करून पडलेलं. देवकाबाईला त्याचं कोण कौतुक!

"माह्या नातवाले पोटातूनच समजते," ती बायांना सांगायची. "त्या घराकडे ढुंकून पाह्यत नाई तो."

बाया हसायच्या. सुरुवातीला रूपालीही हसली.

मग एके दिवशी टोपडं बांधताना ते सरळच बसेना. तिनं हात फिरवून पाहिला, तर डोकं मागून उजव्या अंगाला चपटं लागलं. हनुवटीला बोट लावून मान जराशी डावीकडे आणू गेली, तर बाळानं असा टाहो फोडला की तिनं हात काढून घेतला. उद्या शाळेतली पोरं याला वाकड्या म्हणून हाक मारतील, ती हाक तिला आत्ताच ऐकू यायला लागली.

नवऱ्याच्या, मुकेशच्या, मागे लागून तिनं बाळाला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. तिथं व्यायाम शिकवणाऱ्या प्रेरणा मॅडमनी मान चाचपून पाहिली. घाबरू नका म्हणाल्या. एकाच बाजूच्या सवयीनं मान आखडली आहे. ओढायची नाही, मुरडायची नाही. जागा असला की डोळ्यांसमोर पालथा घालायचा, कडेवर घेताना, पाजताना बाजू बदलायची. आणि निघता निघता म्हणाल्या, "त्याला डावीकडे वळायला काहीतरी कारण द्या, ताई."

कारण कुठून आणायचं? पाळण्यात बाळाचं डोकं उलट्या टोकाला करू म्हटलं, तर ते उत्तरेला जात होतं. उत्तरेला डोकं मुडद्याचं, म्हणून देवकाबाईनं पाळण्याला हात लावू दिला नाही. रूपाली भिंतीशी अंग चोरून बसायची, खुळखुळा वाजवायची. बाळाचे डोळे अर्ध्यापर्यंत यायचे, आणि टीव्हीतून कोणी किंचाळलं की परत फिरायचे.

"भिंतीत काय गाडलं हाय, वं?" सासू विचारायची. "त्याले तिकडे पाहाले लावते ते?"

एका संध्याकाळी लाइट गेली. टीव्ही गप्प झाला, आणि त्या शांततेत भिंतीतून खंजिरी आली. मागोमाग मनकर्णाबाईचा जाडाभरडा, खरा आवाज. बाळाचे पाय थांबले. डोळे फिरले. मग हनुवटी हलली, इवलीशी, जणू कोणी रेशमाच्या दोऱ्यानं ओढावी तशी, आणि भिंतीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी चक्कीवर तिनं मनकर्णाबाईला गाठलं. लग्नानंतर पहिल्यांदा बोलली. दुपारी सासू शेतात असते, टीव्ही बंद असतो, तेव्हा भिंतीकडे तोंड करून गाल का, असं खाली मान घालून विचारलं.

"पण देवाकडे पाठ होईन तुमची, मोठी आई."

"होऊ दे," मनकर्णाबाई म्हणाली. "तो काई तान्हा नाई आता."

त्या दिवसापासून भिंत गाऊ लागली. रूपाली बाळाला पालथं घालायची, पलीकडून ठेका सुरू व्हायचा, आणि बाळ आवाज शोधत मान उचलायचं, डावीकडे न्यायचं, दमायचं, पुन्हा न्यायचं. हळूहळू मान सुटली. टोपडं सरळ बसू लागलं. प्रेरणा मॅडम बघून हसल्या.

बाळाच्या उष्टावणाचा दिवस ठरला. सगळी गल्ली बोलावली, एक घर सोडून. आदल्या दिवशी रूपाली परसातून मनकर्णाबाईकडे गेली.

"उद्या भजन नका म्हणू, मोठी आई. आईले समजन."

मनकर्णाबाईच्या मांडीवर नवं शिवलेलं टोपडं होतं. ते तिनं घडी करून पदराखाली सरकवलं.

"बरं," एवढंच म्हणाली.

उष्टावण दिवेलागणीला होतं, पाहुण्यांपायी टीव्ही बंद. बाळ आजीच्या मांडीवर, खिरीचा चमचा तयार. शेजारच्या नानाजींनी विचारलं, मान मस्त सुधरली, मालिश कोणाची?

"माहीच," देवकाबाई म्हणाली. "दवाखानेवाले काय करतेत?"

तेवढ्यात बाळानं मान वळवली. डावीकडे, भिंतीकडे, आणि तशीच ठेवली. चमचा उजवीकडे ताटकळला. कोणी चुटक्या वाजवल्या, कोणी टाळ्या. बाळ हलेना.

"कोणाची वाट पाहून राह्यला हा?" नानाजी म्हणाले.

सगळ्यांनी रूपालीकडे पाहिलं, आई ती. नाव ओठाशी आलं होतं. सासूही बघत होती.

"काई नाई," रूपाली म्हणाली. "पाल दिसली असन."

घर हसलं. भिंत एका विटेची; इकडचं सगळं तिकडे ऐकू जातं, हे रूपालीला बोलून झाल्यावर आठवलं.

त्यानंतर खंजिरी वाजली नाही. पुढच्या आठवड्यात देवळीहून मनकर्णाबाईची लेक मेघा आली आणि आईला घेऊन गेली. टोपलीत देव होते, वर फडकं झाकलेलं. "गेली पीडा," देवकाबाई म्हणाली आणि सवयीनं टीव्हीचा आवाज वाढवला, जरी आता बुडवायला पलीकडे काही उरलं नव्हतं.

बाळाची मान आज छान आहे. दोन्हीकडे फिरते. दुपारी घर शांत झालं, की मात्र ते भिंतीकडे वळतं. रूपाली तिथं बसते, बेसूर का होईना, गाते. बाळ तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहतं.

तेव्हा माणसांनो, कुठं खंजिरीवर थाप पडलेली ऐकली, तर घटकाभर मनकर्णाबाईची आठवण करा. त्या घरात तिचं नाव कोणी घेत नाही.