शापाची वाटणी

आमच्या घराण्यात राजाचं रत्न हाय अन् त्याले शाप हाय, हे शेलूबाजारात कोनालेही इचारा. बाजारात बाया सांभाराची, म्हंजे कोथिंबिरीची, जुडी हातात धरून मलेच इचारतात, "काहो आवडाबाई, ते रत्न तुमचंच नं?" मी म्हंतो, "होय बाप्पा, आमचंच. जुडी घेता का ठेवता? ऊन लागून राह्यलं तिले."

आता राजा कोनता, ते इचारू नका. माहे सासरे सांगत तवा राजा नागपूरचा होता. माहे भासरे मारोतराव, म्हंजे मालकाचे मोठे भाऊ, सांगत तवा तो हैदराबादचा झाला. अन् त्याहिचा पोरगा हरीओम कॉलेजात गेल्यापासून राजा वाशिमचाच झाला, दीड हजार वर्सामांगचा. राजा बदलला, पन गोष्टीतलं वांगं काई बदललं नाई. राजाचा तंबू आमच्या पूर्वजाच्या बगिच्याजवळ पडला. पूर्वजानं वांग्याची भाजी करून घातली. राजा बोटं चाटत राह्यला अन् खुशीत येऊन त्यानं रानीच्या बाजूबंदातला हिरवा खडा काढून देऊन टाकला. रानीले इचारलं नाई. मालकीनीले न इचारता तिची वस्तू देल्यावर कोनती बाई आशीर्वाद देईन? ते म्हनली, "हा खडा ज्याच्या घरी राहीन, त्याच्या घरचा मानूस कवाच निवांत बसनार नाई." माहे मालक रंगराव म्हंतात, त्याच्यासाठी खड्याची काय गरज, घरी बायको हाय नं. म्हनू दे. भाकरी तं मलेच मांगतात.

खडा बोराएवढा, हिरवागार, एका अंगाले थोडा घासलेला. तो भोपळ्याच्या बियाईसंग राखेच्या मडक्यात राहे. बिजवाई राखेत ठेवली तं किडत नाई अन् शाप राखेत ठेवला तं थंडा राह्यते, असं माह्या सासूबाईचं मत होतं. बिजवाईचं तरी खरं निघालं.

अठरा वर्सामांगं दोघा भावाची वाटणी झाली. वावर वाटलं, विहिरीच्या पान्याचे दिवस वाटले, बैल वाटले, पान्याचे पितळेचे गुंड वाटले. एका गुंडासाठी दोघं भाऊ आंगनात अशे भांडले का कुत्रे भुकाचे थांबले. अन् मंग राह्यलं ते मडकं. तवा भावाभावातलं प्रेम असं उतू आलं म्हन्ता! "दादा, तुमी मोठे, तुमीच ठेवा." "नाई रे रंग्या, तू लहान, तुहाच मान." शेवटी पंच सेवालाल कंटाळला. तो म्हने, "अखाजी ते दिवाळी मोठ्याच्या घरी, दिवाळी ते अखाजी लहान्याच्या घरी. उठा आता." अखाजी म्हंजे अक्षय तृतीया, तवा सहा-सहा महिने झाले. लोकं धन वाटून घेतात. आमी शाप वाटून घेतला, अन् तोही बरोबर अर्धा.

मंग काय, सोय झाली. मोटर जळाली, खडा. म्हैस फळली नाई, खडा. आमचा दिनेश बारावीत गनितात गेला, खडा. पोट्टा वर्सभर क्रिकेट खेळला हे कोनी बोललं नाई. गारा नेमक्या आमच्या पाळीत पडत, म्हून मोठ्याबाई, म्हंजे माह्या जाऊबाई मनकर्णाबाई, धुऱ्यावरून, म्हंजे दोन वावरामंधल्या बांधावरून, वरडत, "तुमची पाळी, अन् आमची वांगी कायले झोडपली वं?" मी म्हनो, "शापाले काय धुरा दिसते?" वांग्याचं पीक चांगलं आलं का मातर कोनी खड्याचं नाव घेत नसे. ते आपल्या हाताचं.

दोघं भाऊ एकमेकाच्या घरी जात नसत. पन आमी दोघी जावा वर्सातून दोनदा ते मडकं घेऊन जात होतो. जिची पाळी सरली ते दुसरीच्या घरी मडकं नेऊन देई. मंग चहा. मंग सहा महिन्यात काय काय बिघडलं त्याची उजळनी. एकेक सांगता सांगता आमी अशा हासत होतो का डोयाले पानी येत होतं. खरं सांगतो, आमच्यासाठी तो सनच होता.

अन् मीच तो नासवला.

तीन वर्सामांगची गोष्ट. चैताचा महिना. अखाजीले आठ दिवस बाकी होते, मडकं आमच्या घरी होतं, अन् कामरगावचे पाहुने माह्या अंजूले पाहाले येनार होते. घर चांगलं, पोरगा चांगला. माह्या मनात आलं, हा हिरवा मेला घरात असला तं नक्कीच काईतरी इस्कोट करीन. म्हून मी मडकं उचललं अन् मोठ्याबाईच्या दारात गेली. म्हटलं, "घर रंगवून राह्यलो आमी, मडकं मंधात येते. आठ दिवस आंधीच ठेवून घ्या." मोठ्याबाईनं माह्याकडे पाह्यलं अन् म्हनल्या, "आन." चहा घे म्हनल्या. मी म्हटलं, घाई हाय, अन् पळाली.

कामरगाववाल्याईनं पोरगी पसंत केली. पाचव्या दिवशी मारोतराव भासरे वांग्याच्या वावरात धुऱ्यावर टेकले, ते उठलेच नाई. डॉक्टर म्हने, अटॅक. डॉक्टरले काय मालूम! मले मालूम होतं. अखाजी आली नोती. पाळी माही होती. तो खडा माह्या घरात पाहिजे होता, अन् जो मानूस जाचा होता तो माह्या घरातला जाचा होता. माहं कुंकू राह्यलं, मोठ्याबाईचं गेलं.

तेरा दिवस मी त्याहिच्या घरी बैलावानी राबली. पानी भरलं, भांडे घासले, आल्यागेल्याले चहा देला. पन तोंड वर करून पाह्याची हिंमत झाली नाई. तेरवी झाली अन् मी जी घरी आली ते परत त्या दारात गेली नाई. दिवाळी आली, माही पाळी आली. मडकं काई आलं नाई. मी समजली का मोठ्याबाईनं मुद्दाम ठेवून घेतलं, गावाले दिसाव म्हून, का पाहा, हे पाप आवडाबाईचं हाय. अंजूच्या लग्नात त्या आल्या, अक्षता टाकल्या, जेवल्या, गेल्या. त्याच्यानंतर आमचं बोलनं आभाळामार्फत. त्या आभाळाकडे पाहून म्हनत, "कोनाची तरी शेळी मेथीत शिरली वाटते." मी बोरीच्या झाडाले सांगो, "शेळी आमची नाई हो." तीन वर्सं आमी असा संसार केला.

यंदा संक्रांतीच्या आठवड्यात मी मेथी उपटून राह्यली होती, तं हरीओमची बायको वैजयंती धुरा ओलांडून आली. पोरगी सायन्स शिकलेली. हातात रुमालाची गाठ. "काकू, चला वाशिमले. खडा तपासून आनू. खरा निघाला तं सरकारले देऊन टाकू, शाप सरकारच्या घरी."

माह्या हातातली मेथी खाली पडली. "तुह्या सासूनं देला हा?"

"त्याईनंच. म्हने, घेऊन जाय, पन काकूले संग घेतल्याबिगर जाऊ नको."

बाप्पा! मी समजली. मोठ्याबाईले आता पंचाइतीत दाखवाले माह्याच तोंडासमोर पुरावा पाहिजे होता. नाई म्हनाव तं भेली, होय म्हनाव तं मेली. लुगडं बदललं अन् गेली.

बसमंधी वैजयंती मोबाइलवर जगातले शापाचे हिरे दाखवत होती. हा राजा वेडा झाला, हे रानी बुडाली. मी खिडकीबाहीर पाहून एकच गोष्ट घोकत होती. खडा खरा निघाला तं शाप खरा, अन् शाप खरा तं भासऱ्याले मी मारलं. खोटा निघाला तं मी सुटली. आमच्या घरान्याच्या इतिहासात रत्न खोटं निघाव म्हून देवाले नारळ बोलनारी मी पहिलीच असन.

सोनार फुलचंद जाड्या चष्म्याचा मानूस. त्यानं खडा फडक्यानं पुसला, डोयाले भिंग लावलं, उजेडात धरला, कायच्या तरी यंत्रावर ठेवला. मंग लय हळू आवाजात, जसं काई घरात कोनी गेलं, असं म्हनला, "बाई, वाईट मानू नका. काच हाय. जुनी हाय, रंग झकास हाय, पन काच."

"पक्की काच?"

"पक्की."

"आजकाल यंत्रं बिघडतात हो. परत पाहा."

त्यानं परत पाह्यलं. "काचच हाय बाई. आत हवेचे बुडबुडे दिसून राह्यले."

मी दुकानातच मोठ्यानं हासली, मंग पदर तोंडाले लावला, मंग परत हासली. वैजयंतीचं तोंड एवढंसं झालं होतं. फुलचंद म्हने, "तीस वर्सं झाले दुकान टाकून. काच निघाली म्हून एवढं खुश झालेलं गिऱ्हाईक मी पाह्यलं नाई." मी त्याले म्हटलं, "दादा, तुमचं भलं होईन. पुढच्या येळी वांगे आनतो तुमाले."

शेलूबाजारात उतरली, तिथून गावची जीप धरली अन् घरी गेलीच नाई. सरळ मोठ्याबाईच्या दारात. त्या आंगनात सुपात वालाच्या शेंगा सोलून राह्यल्या होत्या. तीन वर्सानं मी त्या आंगनात पाय ठेवला, अन् तोही कसा, तं वरडत.

"मोठ्याबाई, काच हाय! नुसती काच! शाप नाई, गिप नाई. मी काई केलं नाई हो, मी नाई मारलं त्याहिले!"

त्याईनं शेंग सोलली, दाने सुपात टाकले. "मले मालूम हाय."

"काय मालूम हाय?"

"काच हाय ते. तुह्या भासऱ्यानं वाटणीच्या आंधीच अकोल्याले नेऊन दाखवली होती."

माह्या अंगाचा असा तिळपापड झाला! "अन् मंग वाटून कायले घेतली? अठरा वर्सं आमी काचेचं मडकं डोक्यावर घेऊन नाचलो!"

"ते म्हने, सांगू नको कोनाले. वावर वाटलं, विहीर वाटली, दोघा भावात बाकी काईच एकत्र राह्यलं नाई. हे एवढं एक राहू दे. ह्याच्यानं तरी घरातल्या घरात येनंजानं राहीन."

राग कोनावर काढाव हेच समजेना. मेलेल्या मानसावर राग काढता येत नाई. म्हटलं, "मंग तीन वर्सं माह्यावर राग कायचा धरला? मी रंगाची थाप मारली म्हून?"

"थाप!" मोठ्याबाई हासल्या. "तुह्या लुगड्याले रंगाचा एक ठिपका नोता, अन् अंजूले पाहाले येऊन राह्यले हे गावच्या शेळ्याईलेही मालूम होतं. आपल्या पोरीसाठी मीही तेच केलं असतं."

"मंग?"

सूप त्याईनं बाजूले ठेवलं. हासू गेलं होतं.

"तेरा दिवस तू माह्या घरात पानी भरलं, भांडे घासले. एक डाव माह्याजवळ बसली नाई. गावच्या सगळ्या बाया बसून गेल्या. माही जाव बसली नाई. माहा मानूस गेला होता आवडे, अन् तू तुहा गुन्हा काखेत घेऊन फिरत होती. दिवाळी आली. म्हटलं, ह्या डाव मी नेऊन देत नाई, आपली पाळी मांगाले तं यीन. मडकं पुसून ठेवलं, चहाचं दूध ठेवलं. आली नाई. अशा तीन दिवाळ्या गेल्या. म्हून शेवटी वैजयंतीले म्हटलं, तुह्या काकूले वाशिमले ने, नाईतं ते अशीच मरून जाईन."

"मंग सांगाचं नं मले!"

"तू इचाराचं नं!"

दोघीचा आवाज एवढा चढला का वैजयंती घाबरून आत पळाली. बाजारच्या कोनत्याही बाईले मी बोलन्यात हार जात नाई, पन हे बाई खरं बोलत होती.

मी त्याहिच्याजवळ खाली बसली. मंग रडू आलं. तीन वर्सं मी रोज रडत होती, पन ते सारं सोतासाठी, का मी वाचन का नाई, मी पापी का नाई. भासऱ्याईसमोर मी जलमभर डोक्यावर पदर घेऊन वावरली, तोंडावर दोन शब्द बोलली नाई, अन् ते गेल्यावर त्याहिच्यासाठी एक टिपूस गाळलं नोतं. ते त्या दिवशी गाळलं. मोठ्याबाईनं माह्या पाठीवर हात ठेवला, शेंगाच्या वासाचा.

माहं रडू थांबल्यावर त्या म्हनल्या, "त्या दिवशी सकाळी ते काय काय बोलले, हे कोनाले तरी सांगाव म्हून तीन वर्सं झाले, मनात ठेवून हाय. हरीओमले सांगता येत नाई, तो उठून जाते."

"मले सांगा," मी म्हटलं.

त्याईनं सकाळच्या चहापासून सुरुवात केली. चहात साखर कमी पडली म्हून ते कशे चिडले, मंग वावरात निघताना दारातून वापस आले अन् काय म्हनले. मी सूप माह्याकडे ओढलं अन् शेंगा सोलाले लागली. दिवस बुडेपर्यंत त्या सांगत राह्यल्या.