बसलिंगप्पांची मांड

रुद्राणीनं खोगिराचा तंग आवळला, आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून हळूच सैल सोडला. घोडीनं कान मागे घेतले, पण ती हलली नाही. ओसरीवर देगलूरचे चंद्रप्पा बशीतला चहा फुंकत होते. त्यांच्या विहिरीला अजून पाणी होतं, मळ्यात ओला घास होता आणि त्यांना चालीची घोडी हवी होती. चाल नसेल तर नेणार नाही, हे त्यांनी दारातच सांगून टाकलं होतं.

घोडी जाऊ नये, एवढंच रुद्राणीला हवं होतं. पुढे तिला काय खाऊ घालायचं, ते मात्र ठाऊक नव्हतं. लातूर जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ जुनाच होता. गुरांची छावणी उघडली होती, पण ती गाई-बैलांची; तिथं घोडीला कोण उभं करतंय? छपराचं गवतसुद्धा उपसून झालं होतं. म्हणून तिच्या आईनं, शिवम्मानं, चंद्रप्पांना सांगावा धाडला होता.

"अव्वा, थांब की जरा. पाऊस येईल."

"पाऊस येईस्तोवर ती ऱ्हाती का?"

रुद्राणीचे वडील बसलिंगप्पा चाबुकस्वार होते. माळेगावच्या जत्रेतलं नाठाळ जनावर आणून ते त्याला अंग आवरायला शिकवत. मागचे पाय पोटाखाली, पाठ उचललेली, मान कमानदार, आणि लगाम इतका ढिला की त्या जागी सुताचा दोरा असता तरी तुटला नसता. तोंडाला हिसका द्यायचा नाही. जे सांगायचं ते मांडीतून आणि कमरेतून. लहानपणी ते रुद्राणीला पुढ्यात घेऊन बसत. ती चुकली की मागे त्यांचं वजन किंचित सरकायचं आणि घोडी तिचं सोडून त्यांचं ऐकायची.

माघात ते गेले. लिंगायतांत माणसाला मांडी घालून, बसवून माती देतात. बसलिंगप्पांची मांडी काही केल्या जुळेना. हयात घोड्यावर गेलेली, गुडघे फाकले होते ते फाकलेच. माणसं जोर लावू लागली तेव्हा शिवम्मा पुढे झाली.

"मोडू नगा त्यांला. हायेत तसंच बसू द्या."

जंगमांनी कपाळाला आठी घातली, पण कुणी तिला अडवलं नाही. बसलिंगप्पांना तसंच बसवलं, पाय रिकिबीत असावेत तसं.

तेव्हापासून घोडी भर दुपारी उघड्या रानात एकटीच फिरायची. नुसती फिरत नव्हती, अंग आवरून फिरत होती. तोंडात लगाम नाही, पाठीवर कुणी नाही, आणि वळताना कुणी आतल्या अंगाला भार दिल्यासारखी वाकायची. रुद्राणीनं ते आईला दाखवलं.

"उन्हानं डोस्कं फिरलंय तिचं," म्हणून शिवम्मा घरात निघून गेली.

रुद्राणीला भीती वाटायला हवी होती. तिला बरं वाटलं. अप्पा आपल्यासाठी आले, असं तिनं मनाशी धरलं होतं.

"बस पोरी," चंद्रप्पा म्हणाले. "बगू चाल."

ती मुद्दाम धपकन बसली. टाचा रुतवल्या, लगाम आवळला. घोडीनं मान वर फेकली, पाठ पाडली आणि ती खडखडत बांधापर्यंत गेली. चंद्रप्पांनी बशी खाली ठेवली.

"ही चाल? लोक तर लई सांगून राहिले होते."

बांधाशी वळताना तिच्या मागे खोगिराचं चामडं करकरलं, कुणी नीट सरकून बसावं तसं. सैल सोडलेला तंग ताठ झाला. मग कमरेला मागून डावीकडे हलकासा रेटा बसला. तो रेटा तिच्या ओळखीचा होता. तिनं मागे पाहिलं नाही, दातओठ खात लगाम आणखी ओढला.

"न्हाई अप्पा," ती पुटपुटली. "मी न्हाई जाऊ द्यायची."

घोडीनं तिचं ऐकलं नाही. पाठ वर आली, मान वळली, आणि एवढ्या ओढलेल्या लगामातली ओढच गेली. खूर ढेकळांवर पडत होते आणि धूळ उठत नव्हती. उपाशी जनावर तिच्याखाली हलकं होऊन चाललं होतं. अप्पांना घोडी जायला हवी होती, जिथं घास आहे तिथं. ते आपल्यासाठी आलेच नव्हते, हे कळलं तेव्हा रुद्राणीला रडू आलं, आणि घोडीला इथं उपाशी ठेवायला निघालो होतो याची लाजही वाटली. तिनं हात सैल सोडले.

चंद्रप्पा उठून उभे राहिले होते.

"हाव, हीच ती. हात लई हलका हाय पोरी तुझा."

"माझा न्हाई," रुद्राणी म्हणाली. त्यांना तो तिचा विनय वाटला.

खोगीर त्यांनी घेतलं नाही. उघड्या पाठीची घोडी दोरीनं धरून ते सडकेवरच्या टेम्पोकडे निघाले. दोरीनं नेलेलं घोडं मान टाकून, पाय ओढत जातं. ही अंग आवरून निघाली. दोरी चंद्रप्पांच्या हातात सैल लोंबत होती, आणि ते मागे न बघता आपल्या मळ्याचं कौतुक सांगत होते.

आता तरी बघ, असं म्हणायला रुद्राणी आईकडे वळली. शिवम्मा वाटेतून बाजूला सरली होती. घोडी समोरून गेली तशी तिनं घोडीच्या पाठीवर, बसलेल्या माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर, एकदा पाहिलं. मग डोईवरचा पदर पुढे ओढून नजर खाली घातली.

"जपून जावा," ती म्हणाली.

"हाव, शिवम्माक्का," चंद्रप्पांनी पुढून उत्तर दिलं.