नव्या कार्डाचा दोष

सर्व्हरच्या मागे डोकं खुपसून मुलीने केबल खसकन ओढली आणि पुन्हा खोचली. नेटवर्क कार्डावरचा हिरवा दिवा लगेच लुकलुकायला लागला.

"कार्ड धडधाकट आहे!" ती टेबलाखालूनच ओरडली.

"मग मशीनं का झोपली?" बाबा म्हणाले. "सोमवारी तुझ्या आत्याने ते नवं कार्ड बसवलं, मंगळवारी सगळं बंद. यात आणखी कसला शोध लावतेस?"

चष्म्याच्या काचा घासणारी दोन्ही मशीनं कालपासून गप्प होती. कुठल्या काचेला कोणता नंबर, हे त्यांना सर्व्हर सांगे, आणि त्यांना सर्व्हरच सापडत नव्हता. बारा वर्षं हा सगळा पसारा आत्याने सांभाळला होता. काल वर्कशॉपातल्या मिस्त्रींच्या देखत बाबा तिला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस. तुझ्या प्रयोगांपायी धंदा बसेल." आत्या डबा उचलून निघून गेली. आज शाळेतून आल्या आल्या मुलीला हे कळलं, तेव्हापासून तिची कानशिलं तापली होती. दप्तर अजून दारातच पडलं होतं.

गुडघे झटकून ती मशीनशेजारच्या कॉम्प्युटरवर बसली. सर्व्हरला आकडी पत्त्याने हाक मारली, तर चटकन ओ आली. नावाने मारली, तर चिडीचूप.

"म्हणजे रस्ता नीट आहे," मिस्त्री मान पुढे काढून म्हणाले. "पाटी चुकलीये."

"शाब्बास, मिस्त्रीकाका!"

ती उडी मारून सर्व्हरकडे गेली आणि तिने डीएनएसचं पान उघडलं. नावावरून पत्ता विचारायला मशीनांनी याच सर्व्हरकडे यायचं, हे आत्याने तिला तिसरीत असताना शिकवलं होतं. आता तिथे बाहेरच्या कुठल्याशा कंपनीचा आकडा बसला होता. त्या बिचाऱ्यांना या वर्कशॉपातलं नाव कुठून ठाऊक असणार! बदल कधी झाला, कुणी केला, हेही सर्व्हरने नोंदवून ठेवलं होतं. तिने ती ओळ दोनदा वाचली.

"बाबा, मंगळवारी दुपारी एक वीसला इथे कोण बसलं होतं?"

बाबा चष्मा काढून पुसू लागले.

"नेट रांगत होतं," शेवटी ते म्हणाले. "एकाने फोनवर आकडा सांगितला. पळेल म्हणाला."

"आणि बोंब आत्याच्या नावाने?"

"ते बघू नंतर. तू आधी चालू कर. दोनशे काचा अडकल्यात."

तिने कीबोर्डवरचे हात उचलले आणि घट्ट बांधले.

"दहा सेकंदांचं काम आहे. आधी आत्याला फोन लावा."

"बापाला अक्कल शिकवतेस?"

"लावा."

मिस्त्रींनी उगाच एक स्क्रू उचलला, परत ठेवला. बाबांनी खिशातून फोन काढला आणि दाराकडे वळले.

"बाहेर नाही," ती म्हणाली. "इथे. काल इथेच बोललात ना?"

बाबा थांबले. मिस्त्री चहाच्या निमित्ताने सटकायच्या बेतात होते. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे, आणि ऐकायला स्टूल ओढून खाली बसले.