खिशातला दुसरा वाचक

सुकेशनीच्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेलं नाही, हे धम्मानंद गुरुजींना रोज सकाळी पहिला घोट घेताना आठवायचं आणि चहाची चवच जायची. पत्र आषाढी पौर्णिमेला आलं होतं. आता श्रावण सरत आला होता.

सुकेशनी त्यांच्या हाताखाली पेडगावच्या शाळेत शिकलेली. आता पुण्याला एका संस्थेत होती. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ही संस्था पुस्तकं आवाजात भरून घ्यायची आणि ती ऐकायला एक छोटं यंत्र तयार करत होती. त्याचा एक नमुना पत्रासोबत पार्सलने आला होता. पावसाळ्यातल्या वर्षावासात विहारात वाचतात तो तथागतांच्या चरित्राचा अख्खा ग्रंथ त्यात भरलेला होता.

पत्र साधं होतं. 'गुरुजी, सविनय जयभीम. आवाजाचं काही सांगू नका, ते बघायला इथं माणसं आहेत. हातात कसं बसतं, सोबत नेताना काय अडचण येते, कळा कशा वाटतात, एवढंच मला कळवा. दसऱ्यानंतर साचा पक्का होईल, मग काही बदलता येणार नाही. तुम्ही खरं तेच सांगाल म्हणून तुम्हाला पाठवलं.'

त्या शेवटच्या वाक्यापाशीच गुरुजींचा हात अडला होता. पेडगावच्या विहारात तो ग्रंथ वर्षानुवर्षं तेच वाचत आले होते. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारा हा माणूस वर्षावासाचे तीन महिने तेवढा गावाला ऐकू यायचा. बाकी वर्षभर पुस्तकात डोकं घालून बसायचा. आता यंत्र चांगलं आहे म्हणावं, तर उद्या ते आपल्या जागेवर येऊन बसणार. वाईट म्हणावं, तर खोट यंत्रात आहे की आपल्या मनात, हे कोणी ठरवायचं? त्यांनी कागद घेतला, फाडला, पुन्हा घेतला, पुन्हा फाडला.

तपासणी मात्र त्यांनी मन लावून केली होती, आपल्या पद्धतीने. टेबलावर रुमाल पसरून त्यावर यंत्र ठेवलं. साबणाच्या वडीएवढं, काळं, गुळगुळीत, तळाशी गोलसर. मागे कमरपट्ट्याला अडकवायचा चिमटा. वरच्या कोपऱ्यात दोरीसाठी बारीक भोक. कळा सपाट, नुसतं बोट टेकलं तरी लागणाऱ्या. देखणं होतं. सदऱ्याच्या खिशात अलगद बसायचं. खोट काही सापडेना. सापडत नाही याचं त्यांना वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं याची लाज.

विहारात जाताना ते यंत्र खिशात असायचं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

एका संध्याकाळी वंदना झाली, गुरुजींनी चष्मा पुसला आणि पान उघडून ते वाचायला वाकले. ग्रंथाची कड खिशाला टेकली, आणि खिशातून एक खणखणीत शहरी आवाज वाचू लागला. गुरुजी थांबले. तो थांबेना. त्यांनी घाईने खिसा दाबला, तर आवाज आणखी मोठा झाला.

मागे मालनबाई बसली होती. खुरपणीला जाणाऱ्या बायकांची टोळी तिच्या हाताखाली, आणि जीभ गावात सगळ्यांत फटकळ.

"गुरुजी," ती म्हणाली, "खिशात दुसरा गुरुजी ठिवलाय का? त्येला बी बसायला सतरंजी टाका की."

माणसं हसली. गुरुजींचे कान तापले. शेवटी मालनबाईच्या सुनेने, बबिताने, उठून यंत्र बंद केलं. मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. पत्र, सुकेशनी, दसऱ्याची मुदत, सगळं त्यांना सांगावं लागलं. इतक्या दिवसांत काय तपासलं असं मालनबाईने विचारलं, तेव्हा त्यांनी टेबलाचं आणि रुमालाचंही सांगून टाकलं.

मालनबाईने पदराला हात पुसून यंत्र उचललं, उलटंपालटं केलं.

"संगं न्यायची वस्तू हाय म्हणायलाव, अन् टेबलावर ठिवून बघायलाव व्हय? उद्या येऊ द्या ह्येला आमच्याबरूबर खुरपायला."

नाही म्हणायचं धाडस गुरुजींच्यात नव्हतं. यंत्र गेलं. दोन दिवस त्यांनी कसेबसे काढले, आणि मग छत्री घेऊन स्वतःच शेताकडे निघाले.

कापसात बायका ओळीने बसून खुरपत पुढे सरकत होत्या. यंत्राचं काय काय झालं ते त्यांनी काम न थांबवताच सांगितलं. पहिल्या दिवशी ते बांधावर ठेवलं, तर खुरपणाऱ्या बायकांची पात पुढे गेली की आवाज मागे राहायचा. सोबत आणून ढेकळावर टेकवलं, तर गोल बुडामुळे कलंडायचं. चिमटा अडकवायला कोणाच्याच कमरेला पट्टा नव्हता. लुगड्याच्या निरीला लावला, तर बसलं की पोटात रुतायचा. गळ्यात बांधलं तर वाकलं की खुरप्यावर आदळायचं. चिखलाच्या बोटांना सपाट कळा लागायच्या नाहीत, आणि नको तेव्हा आपोआप लागायच्या. शेवटी, बायका पैसे आणि पानतंबाखू जिथं ठेवतात, तिथंच मालनबाईने ते ठेवलं होतं.

"झंपरात ठिवलं," ती जराही आवाज न उतरवता म्हणाली. "पर आतून आवाज दबतोय, अन् घामानं निसटायलंय. लिव्हा तसं."

गुरुजी छत्रीच्या मुठीकडे बघत म्हणाले, "असं कसं लिहायचं हो मालनबाई? माझी विद्यार्थिनी आहे ती."

"मंग बाई न्हाई का ती?"

ओळीत हसू पसरत गेलं. बबिता मात्र आपल्याच विचारात होती. तिने दोरी उलटी गळ्यात घातली आणि यंत्र पाठीवर सोडलं. आता ते खुरप्याला लागत नव्हतं आणि बाई सरकली की तिच्यासोबत सरकत होतं. पण भोक कोपऱ्यात, म्हणून ते तिरकं लोंबायचं. चिमटा मणक्याला टोचायचा, आणि टोचू नये म्हणून उलटं केलं की आवाज पाठीत दबायचा. भोक मध्ये हवं आणि मागची बाजू सपाट, एवढंच बबिता म्हणाली. तोवर चिमट्याखाली फडक्याची घडी घालून भागवायचं ठरलं. त्या दुपारपासून बायका आळीपाळीने पाठ देऊ लागल्या, आणि पाठ ज्या बाईची, तिच्या दोन्ही अंगाच्या बायका जवळ सरकून खुरपू लागल्या.

हे बघून गुरुजी घरी परतले ते जड पायांनी. सगळा ग्रंथ यांना शेतातच ऐकायला मिळतोय. आता संध्याकाळी विहारात कोण येणार? आपल्यापुरता दिवा लावून यावा, एवढ्याच विचाराने ते गेले.

पायरीशी चपलांना जागा नव्हती. टोळीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या; त्यांतल्या कितीतरी जणींना त्यांनी तिथं कधीच पाहिलं नव्हतं. वंदना होताच मालनबाई म्हणाली, "गुरुजी, भिक्खूंच्या संघात बायकास्नी घ्यायला तथागत आधी न्हाई कशामुळं म्हणले? त्या यंत्राला इचारावं तर ते पुढंच पळायलंय."

"तो भाग अजून आला नाही आपला," गुरुजी चाचरत म्हणाले.

"आमी तिथवर गेलोत. तुमीच मागं राह्यलात."

गुरुजींनी भराभर पानं उलटली. भाग सापडला. वाचला. मधेच कोणीतरी म्हणालं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. दोघी बायकांचं जुंपलं. एक म्हणाली, त्या काळी रानावनात बायांनी राहायचं कसं. दुसरी म्हणाली, आपण नाही का दिवसभर रानातच. मग सगळ्या त्यांच्याकडे बघू लागल्या. आजवर लोक ऐकायचे आणि हात जोडून घरी जायचे. असं कोणी कधी त्यांच्याकडे बघत थांबलं नव्हतं.

"मला नीट सांगता येणार नाही," ते म्हणाले. "वाचून येतो. उद्या बोलू."

कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. उद्या जरा लवकर सुरू करा, एवढंच बबिता म्हणाली.

सकाळी चहा निवायच्या आत गुरुजी लिहायला बसले. खिसा असणारा माणूस मनात धरून हे यंत्र केलेलं दिसतं, असं त्यांनी लिहिलं. इथं ऐकणाऱ्यांना खिसा नाही, आणि ऐकणारी एकटीही नसते. बूड सपाट हवं. कळा उंच, चिखलाच्या बोटालाही कळतील अशा, आणि दाबल्याशिवाय न लागणाऱ्या. चिमटा काढून टाकावा. भोक मधोमध. मग ते यंत्र बायका कुठं ठेवतात, त्या ओळीपाशी लेखणी थबकली. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, घसा खाकरला, आणि तो शब्द होता तसा लिहिला. खाली लिहिलं, 'उत्तराला फार उशीर झाला. तुझ्या यंत्रामुळे मला आता रोज दुपारी पुढची पानं वाचून ठेवावी लागतात.'

पोष्टाच्या पेटीपाशी नेहमीच्या शंका आल्याच. पिनकोड बरोबर आहे ना? फार लांबलं का? आपण कोण सांगणारे? पाकीट फटीत अर्धं गेलं आणि तिथंच राहिलं.

बायका खुरपी घेऊन रस्त्याने चालल्या होत्या. सगळ्यांत पुढे बबिता, आणि तिच्या पाठीवर तो शहरी आवाज. मालनबाई क्षणभर थांबली.

"टाकायलाव का परत न्यायलाव, गुरुजी?"

"टाकायलोय," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी पाकीट सोडलं.