ड्रॅगनचे गोड अश्रू

व्हिएतनाममधल्या ह्युए शहरातल्या जुन्या राजसमाधीच्या दारावरचा ड्रॅगन रडतोय म्हटल्यावर भर पावसात छत्र्यांची रेटारेटी झाली. त्याच्या डोळ्यांखालून तपकिरी थेंब गळत होते. लोक ते बोटाने चाखत आणि हात जोडत, कारण अश्रू चक्क गोड होते.

“सम्राटांना प्रजेची दया आली,” ख्वांगगुरू कुप्या भरत सांगत होता. “डोळ्यात एक थेंब टाका. चरचरलं की समजा, आजार निघाला.” जीभ भाजली असती तर खोटं बोलायची सवय निघाली, असंही तो म्हणाला असता.

दियेप तीन दिवस घसा कोरडा करत होती. गेल्याच महिन्यात फुटक्या बशांचे तुकडे बसवून तिनेच तो ड्रॅगन दुरुस्त केला होता. “अहो, तो चुना आहे,” ती सांगे, आणि लोक म्हणत, “तुला गवंडीकाम कळतं. देवाचं काय कळतं?” तिला अक्षरशः डोकं आपटून घ्यावंसं वाटे.

तेवढ्यात रांगेत तिला सेनआत्या दिसली. तिचे दोन्ही डोळे लाल झाले होते आणि डावा तर सुजला होता.

“आत्या, मंगळवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे ना?”

“आता कशाला? कालपासून टाकतेय. छान चरचरतंय.”

दियेपने शेडमधून घमेलं आणलं. चुना, कागदाचा लगदा आणि काकवी सर्वांसमोर कालवली, गोळा फडक्यात बांधला आणि वरून पाणी ओतलं. खाली तपकिरी थेंब गळू लागले.

“चाखा. डोळ्यात मात्र घालू नका.”

एका म्हातारबुवांनी चाखलं. “गोड आहे खरं.”

ख्वांग हसला. “सगळे ड्रॅगन याच मसाल्याचे. मग हा एकटाच का रडतो?”

गर्दी तिच्याकडे पाहू लागली. मागे दुरुस्तीच्या कामावरचा मुकादमही उभा होता. दियेपला उत्तर ठाऊक होतं, म्हणून तर ती तीन दिवस अर्धंच सांगत होती.

“कारण तुकडे पटकन चिकटावेत म्हणून इथे मी काकवी जास्त ओतली,” ती म्हणाली. “सणाआधी उरकायचं होतं. मसाला सुकला नव्हता, त्यात पाऊस लागला. चूक माझी आहे. सम्राटांचा काही संबंध नाही.”

मुकादमाने मान फिरवली. ख्वांग कुप्या गोळा करू लागला.

“म्हणजे माझ्या डोळ्यात चुना तू घातलास?” आत्याने विचारलं.

“अर्धा मी, अर्धा त्याने. चल, आधी डोळे धुऊ.”

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उजवा सुधारेल, डाव्याचं सांगता येत नाही. लोकहो, नवल दिसलं तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, हे कुणी बनवलं आणि कशाचं. आणि बनवणारे तुम्ही असाल, तर पहिल्याच दिवशी सांगून टाका.