शेवटच्या कडव्यापुरती वीज

"गारठलेल्या बॅटरीला चार्जिंग लावायचं नाही, आर्डिस. आधी ऊब, मग वीज. काय सांगितलं मी?"

"आधी ऊब, मग वीज," आर्डिस म्हणायची आणि पुन्हा बटाटे सोलायला लागायची.

नवऱ्याचं, व्हर्लिनचं हे पालुपद गेल्या हिवाळ्यात रोज एकदा तरी व्हायचंच. नाकाला प्राणवायूची नळी, मांडीवर मांजर आणि डोळे बॅटऱ्यांच्या चित्रांवर. लिथियमची बॅटरी म्हणे बाकी सगळं सोसते, पण पाणी गोठेल अशा थंडीत तिच्यात वीज भरली की ती आतून कायमची बिघडते. वरून काही दिसत नाही. नॉर्थ डकोटात राहणाऱ्यानं हे विसरून कसं भागेल? इथं ऑक्टोबर उजाडला की अंगणातल्या बादलीवर बर्फाची साय धरते.

आता ऑक्टोबरच होता. व्हर्लिनला चर्चमागच्या टेकाडावर मातीत ठेवून एक उन्हाळा सरला होता, आणि त्यांची फिरत्या घराची ती लांबलचक गाडी कोठारापाशी तशीच उभी होती.

या गाडीतून दोघं दर हिवाळ्यात ॲरिझोनाच्या वाळवंटात जायची. तिथं ना विजेचा खांब ना नळ. आपापल्या गाड्या घेऊन आलेली म्हातारीकोतारी माणसं रविवारी सकाळी खुर्च्या मांडून उघड्यावर प्रार्थनेला बसायची आणि आर्डिस विजेवरचा छोटा ऑर्गन वाजवायची. पण शिशाच्या जुन्या बॅटऱ्या रात्रभर हीटरचा पंखा चालवून आणि पुढे पुढे व्हर्लिनचं प्राणवायूचं यंत्र चालवून पार थकलेल्या असायच्या. शेवटच्या कडव्याला ऑर्गन हमखास मुका व्हायचा. लोक आपले तसेच गाऊन मोकळे होत.

"आर्डिस, तुझा देव तीनच कडवी ऐकतो वाटतं!" ओपल नावाची म्हातारी दर रविवारी खिदळायची.

सगळे हसत. आर्डिसही हसे. पण सकाळी स्तोत्र म्हटल्याशिवाय कॉफीला तोंड न लावणारी ती बाई. देवापुढं अर्धवट सुटलेलं गाणं तिला दिवसभर टोचत राही. व्हर्लिनला ते कळत असे. मागच्या वर्षी मात्र त्याची तब्येत इतकी ढासळली की जाणंच झालं नाही, आणि मग त्यानं बॅटऱ्यांचा ध्यास घेतला.

तीन लागतील, असं त्यानं हिशेब करून ठरवलं होतं. स्वस्तातल्या, नाव न ऐकलेल्या कंपन्यांच्या त्याला नको होत्या. "बॅटरी कोणीही विकतं गं," तो म्हणायचा, "बिघडल्यावर फोन कोण उचलतं ते बघायचं." म्हणून तो दुकानादुकानांत फोन करून मुद्दाम एखादा खुळचट प्रश्न विचारायचा. सगळे काहीतरी ठोकून द्यायचे. फार्गोच्या एका दुकानातली कोरीन नावाची बाई तेवढी म्हणाली, "मला नाही माहीत. विचारून सांगते." आणि तिनं खरंच उलटा फोन केला. व्हर्लिननं तिथंच मागणी नोंदवली. माल काही लवकर येईना, आणि जूनमध्ये तोच गेला.

शनिवारी गाडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं. व्हर्लिनचा धाकटा भाऊ लोवेल यानंच ते शोधलं होतं. गाडी दाखवण्याजोगी करायला तो जुन्या बॅटऱ्या काढत असतानाच फार्गोहून खोकं आलं.

"आली एकदाची!" लोवेल कंबर धरून उठला. "दादाला बॅटरी निवडायला जेवढे महिने लागले ना, तेवढ्यात माझी दोन लग्नं उरकली होती."

"आणि मोडलीही," आर्डिस म्हणाली.

"ते कशाला काढतेस आता?"

खोकं फोडलं तर आत एकच बॅटरी.

आर्डिस बघतच राहिली. "तीन हव्यात. रात्रभर यंत्र चालायला तीन लागतात. मला तोंडपाठ झालंय ते."

"फसवलं," लोवेल म्हणाला. "माणूस गेल्याचं कळलं असणार, दिली एक पाठवून. कर फोन. चांगली झापून काढ त्यांना."

झापणं आर्डिसला जन्मात जमलं नव्हतं. तिनं स्वयंपाकघरात जाऊन फोन लावला आणि हळूच म्हणाली, "तुमच्याकडून काहीतरी चूक झालीय बहुतेक."

"मिसेस टॉलेफसन ना?" पलीकडून कोरीन म्हणाली. "बातमी मला उन्हाळ्यातच कळली होती. फार वाईट वाटलं. पण चूक नाही झाली. तीनची एक त्यांनीच करायला सांगितली. ईस्टरनंतर."

"एक? एकीवर त्याचं यंत्र कसं चालेल?"

"मीही तेच विचारलं," कोरीन म्हणाली. "म्हणाले, यंत्र येणार नाही."

आर्डिसनं ओट्याची कड धरली.

"म्हणाले, एक दिवा, हीटरचा पंखा आणि एक ऑर्गन, एवढं चालायला हवं. ऑर्गन पूर्ण गाणंभर. हे त्यांनी दोनदा सांगितलं. आणि आपली आपण गरम होणारी द्या म्हणाले. थंडीत आधी स्वतःला ऊब देते, मगच वीज घेते ती. माझ्या बायकोच्या लक्षात राहील, म्हणाले, पण एकटीच्या डोक्याला तेवढाच एक घोर कमी."

आर्डिसनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वजन किती तेही विचारलं. मी सांगितल्यावर म्हणाले, जरा थांबा, फोन ठेवू नका. मग तुम्हाला काहीतरी उचलायला लावलं त्यांनी. मला फोनवर ऐकू आलं. तुम्ही भडकला होतात."

हो. भडकली होती. पाखरांना घालायच्या सूर्यफुलाच्या बियांचं पोतं तळघराच्या पायऱ्यांशी पडलेलं, आणि हा खुर्चीत बसून म्हणतो, ते उचलून बाकावर ठेव बघू. तिनं ठेवलं. तर म्हणतो, आता परत खाली ठेव. "मी काय तुझी हमाल आहे?" ती ओरडली होती. उभ्या संसारात दोन-चारदाच ओरडली असेल, त्यातलं ते एक.

"तुमचं ओरडणं ऐकून ते इतके हसले की त्यांना धापच लागली," कोरीन सांगत होती. "मग म्हणाले, चालेल. उचलते ती."

आर्डिसनं तळघराच्या दाराकडे बघितलं.

"माल तर मे महिन्यातच आला होता," कोरीन हलकेच म्हणाली. "पण पाला गळायला लागल्याशिवाय पाठवू नका, म्हणाले होते. आधी पाठवलीत तर ती परत करील."

फोन ठेवून आर्डिस खुर्चीवर बसली. त्याच्या खुर्चीवर. मांजर येऊन मांडीवर बसलं तरी तिला पत्ता नव्हता.

मार्चमधली ती सकाळ. ती यंत्राची नळी बदलत होती आणि त्यानं तिचं मनगट धरलं होतं.

"यंदा शेवटचं कडवं वाजवायचं हं."

"तू चल तर खरं."

"मी आलो, न आलो. तू वाजव. हो म्हण."

"हो रे बाबा, हो. हात सोड आता, नळी निसटतेय."

असं घाईघाईत दिलेलं वचन. तो गेल्यावर तिनं मनाची समजूत घातली होती की ते दोघांचं होतं, एकटीला लागू नाही. म्हणून तर गाडी विकायला काढली होती. अंत्यविधीच्या दिवसापासून ऑर्गनवर चादर पडली होती, ती तिनं उचलली नव्हती. आणि तो मात्र तेव्हाच सगळं जाणून होता. जाणूनच ते "हो" त्यानं तिच्या एकटीकडून घेतलं होतं. रोज रात्री ती देवाकडे त्याच्यासाठी अजून एक हिवाळा मागत होती; शेजारी पडून तो तिच्या हिवाळ्याची तजवीज करत होता.

आर्डिस रडली. लोवेल दाराशी आला, टोपी काढून तसाच उभा राहिला आणि काही न विचारता परत गेला.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली.

"काय म्हणाले ते? पाठवतायत का दोन?" लोवेलनं विचारलं.

"नाही. एवढीच आहे. एकीपुरती."

लोवेलला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसा तो गाडीकडे वळून उगाच पान्हा पुसत बसला.

"तरीच," तो म्हणाला. "चार्जर बघितला मी. गाडी चालू झाली की लिथियमच्या बॅटरीत वीज भरणारा नवा बसवून घेतलाय त्यानं. मला वाटलं, हौस." मग घसा खाकरून, "मग शनिवारच्या माणसाला काय सांगू?"

"नाही म्हणून सांग."

"अगं पण एकटी कशी जाणार तू? तुला ती गाडी मागे घेता येत नाही धड. मागच्या वेळी चर्चचं कुंपण पाडलंस."

"जिथं मागे घ्यावी लागेल तिथं शिरणारच नाही मी."

तो बॅटरी उचलायला वाकला.

"राहू दे," आर्डिस म्हणाली. "हात लावू नकोस."

तिनं गुडघे वाकवले, दोन्ही हात खाली घातले आणि बॅटरी उचलली. वजनाला अगदी त्या पोत्याएवढीच होती. ती छातीशी धरून आर्डिस क्षणभर उभी राहिली आणि मग तिनं ती कप्प्यात आपल्या जागी ठेवली. तारा तेवढ्या लोवेलनं जोडल्या, एकदाही थट्टा न करता.

शनिवारी उजाडलं तेव्हा गवत पांढरं झालं होतं. आर्डिसनं रोजच्यासारखं स्तोत्र मोठ्यानं म्हटलं. मधे आवाज फुटला, तिथं थांबून पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मग कॉफी घेतली. लोवेल आदल्या दिवशीच मांजर सांभाळायला घेऊन गेला होता, त्यामुळं घरात काहीच हलत नव्हतं.

तिनं ऑर्गनवरची चादर काढून घडी घातली आणि ऑर्गन काखेत धरून गाडीत नेला. त्याच्या सीटवर नीट ठेवून पट्टा लावला.

मग तिनं बॅटरीचा कप्पा उघडला. ही आपली आपण गरम होते. आता काही करायची गरज नव्हती. तरी तिनं हातमोजा काढला आणि तळवा बॅटरीवर ठेवला. गार होती. सोबत व्हर्लिनचा लोकरी सदरा आणला होता, तो तिनं अलगद बॅटरीभोवती गुंडाळला आणि पायरीवर बसून वाट बघत राहिली.

"आधी ऊब," ती म्हणाली.

ऊन कोठाराच्या छपरावरून खाली उतरलं, गाडीपर्यंत आलं. आर्डिस उठली, सदरा काढून अंगात घातला, आणि पुढं जाऊन तिनं किल्ली फिरवली.